कितव्या पायरीवर आहात?

दरवर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या दुकानात एक वाद ठरलेला. वणीत माझं कृषी सेवा केंद्र आहे. द्राक्षतोडणी उतरणीला लागलेली असते, औषधांच्या फवाऱ्यांची घाई संपलेली असते आणि काउंटरवरच्या वर्तमानपत्राभोवती चार माणसं निवांत टेकलेली असतात. २० मार्च हा संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय आनंद दिन. त्या सुमाराला जागतिक आनंद अहवाल निघतो आणि आपल्याकडे बातमी येते ती एका ओळीची : आनंदी देशांच्या यादीत भारत अमुक क्रमांकावर. २०२५ मध्ये १४७ देशांत आपण ११८ वे होतो. नेपाळ ९२ वा, पाकिस्तान १०९ वा. फिनलंड सलग आठव्या वर्षी पहिला.

मग सुरू. एक म्हणतो, ही सगळी गोऱ्यांची बनवाबनवी. दुसरा म्हणतो, बनवाबनवी कसली, कांद्याचा भाव बघ आणि सांग आपण कितवे असायला पाहिजे. तिसऱ्याचा मुद्दा मला नेहमी विचारात पाडतो : "फिनलंडात म्हणे हिवाळाभर नीट ऊन पडत नाही. तिथला माणूस सुखी आणि आपण दुःखी, हे मोजलं कुणी आणि कशानं?"

कशानं मोजलं, हा प्रश्न औषधं-खतं विकणाऱ्या माणसाला पडणारच. माझं शिक्षण बारावीपर्यंतचं. पुढचं सगळं दुकान बंद झाल्यावर, शब्दकोश बाजूला ठेवून वाचलेलं. गेली काही वर्षं हे अहवाल आणि त्यांच्यामागचं संशोधन मी जमेल तसं वाचत आलो. सुखाविषयी मराठीत लिहायचं तर समर्थांच्या मनाच्या श्लोकांपासून सुरुवात करायची रीत आहे. ती मी मोडतो. सर्व बाजूंनी सुखी असा कुणी आहे का, हा समर्थांचा प्रश्न. आपला प्रश्न त्याहून लहान आणि व्यवहारी आहे : दोन देशांतल्या माणसांचं कमी-जास्त सुख आकड्यात मांडता येतं का, आणि मांडलं तर त्या आकड्याला काही अर्थ असतो का?

यादी ज्यावर उभी आहे तो प्रश्न आधी पाहू. गंमत म्हणजे त्यात आनंद हा शब्दच नाही, सुखही नाही. साधारण असं विचारतात : अशी कल्पना करा की समोर एक शिडी आहे. सगळ्यात खाली शून्य, सगळ्यात वर दहा. दहावी पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं उत्तमातलं उत्तम आयुष्य आणि शून्य म्हणजे तुमच्यासाठी वाईटातलं वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात असं तुम्हाला वाटतं?

बस. हा एक प्रश्न. गॅलप ही अमेरिकी संस्था २००५-०६ पासून तो जगभर विचारते. साधारणपणे एका देशात वर्षाला सुमारे हजार माणसं, आणि तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी म्हणजे त्या देशाचा आकडा. २०२५ च्या अहवालात फिनलंडचा आकडा ७.७३६ होता, भारताचा ४.३८९ आणि तळाला असलेल्या अफगाणिस्तानचा १.३६४.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो भल्याभल्या अग्रलेखांतूनही दिसतो. दरडोई उत्पन्न, अडचणीत कुणाचा तरी आधार असणं, निरोगी आयुर्मान, आपल्या मनाप्रमाणे जगण्याची मुभा, दानशीलता आणि भ्रष्टाचाराविषयीची धारणा अशा सहा गोष्टींना गुण देऊन ही यादी बनते, असं लिहिलं जातं. तसं नाही. क्रमांक लागतो तो फक्त शिडीच्या उत्तरावर. फिनलंडचा आकडा वर आणि आपला खाली का, हे समजून घेण्यासाठी नंतर त्या सहा गोष्टी जोडून पाहतात. पेपरची तपासणी आधीच झालेली असते. मुलाला कमी गुण का पडले याची चर्चा शिक्षक नंतर करतात, तसं. त्यामुळे 'आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे, अध्यात्म आहे, ते यांनी मोजलंच नाही' हा आक्षेप नेम चुकलेला आहे. कुटुंबामुळे माणूस स्वतःला वरच्या पायरीवर समजत असेल तर ते उत्तरात आपोआप येतं. आक्षेप घ्यायचाच तर शिडीवर घ्यायला हवा.

ही शिडी बनवली हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं. १९६५ साली त्याचं या विषयावरचं पुस्तक आलं. त्याआधीच्या काही वर्षांत त्यानं चौदा देशांत ती वापरून पाहिली होती आणि त्यांत भारत होता. आपली सरासरी आली ३.७. अमेरिकेची ६.६. सगळ्यात खाली डॉमिनिकन प्रजासत्ताक, १.६.

कॅन्ट्रिलची पद्धत मात्र आजच्यासारखी नव्हती. तो थेट शिडी पुढे करत नसे. आधी माणसाला विचारायचं : तुझ्या मनातलं चांगलं आयुष्य कसं असेल? तुला कशाची भीती वाटते? माणूस बोलायचा, ते लिहून घ्यायचं. मग म्हणायचं, हे तू आत्ता जे चांगलं सांगितलंस ती दहावी पायरी, ज्याची भीती सांगितलीस ती शून्य. आता सांग तू कुठे आहेस. म्हणजे शिडीची दोन्ही टोकं माणसानं स्वतःच ठोकलेली. भारतातल्या एका शेतमजुराचं उत्तर अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात दिलं आहे. त्याला मुलगा हवा होता, स्वतःचा जमिनीचा तुकडा, घर, दुधातुपासाठी गाय आणि बायकोला जरा बरे कपडे. ही त्याची दहावी पायरी. त्याच निबंधात अमेरिकी माणसांचीही उत्तरं आहेत. त्यांना नवी मोटार हवी आहे, बोट हवी आहे, मुलांना खासगी शाळेत घालायचं आहे. दोघांच्या शिड्यांना दहाच पायऱ्या आहेत, पण शिड्या एका उंचीच्या नाहीत.

आजच्या सर्वेक्षणात आशा-भीतीचं ते बोलणं गळून पडलं, उरली नुसती शिडी. लाखभर माणसांना विचारायचं तर दुसरं काय करणार, हे मला समजतं. पण माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे. माणसानं दहावी पायरी कुठे ठोकली हे आपण आता विचारतच नाही.

मी हा प्रश्न दुकानात विचारून पाहिला. हे सर्वेक्षण नव्हे. आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता केलेली चौकशी. पहिली अडचण शिडीचीच आली. वणीत 'पायऱ्या' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर सप्तशृंगी गड येतो. गडावरच्या गावातून देवीपर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. एका आजीबाईंना मी दहा पायऱ्यांचं समजावत होतो, तर त्या म्हणाल्या, "मी तर आता टॉलीनं जाते बाबा." विनोद सोडा, पण गडाच्या पायऱ्या चढणारा माणूस वरच्याला आपल्याहून मोठा मानत नाही, आपल्याआधी निघालेला मानतो. शिडी म्हटलं की मात्र वर कोण आणि खाली कोण, हे लगेच मनात येतं. स्वीडनच्या ऑगस्ट निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या सुमारे सोळाशे लोकांवर नेमकं हेच तपासलं आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं. शिडीचं चित्र समोर आलं की लोकांच्या मनात सत्ता आणि पैसा जास्त येतो. शिडी काढून तोच प्रश्न विचारला तर आरोग्य, नाती यांचा विचार वाढतो. म्हणजे मोजण्याचं साधन स्वतःच मोजायच्या वस्तूला हलवतं.

दुसरी अडचण माझी स्वतःची. मी दुकानदार. माझ्या वहीत निम्म्या वणीची उधारी. "तात्या, कसं चाललंय?" असं मी विचारल्यावर शेतकरी "झकास" म्हणेल का? झकास म्हणाला तर मी वही उघडीन, ही त्याला धास्ती. तोच माणूस सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्यांपुढे काय सांगेल? तिथे सगळं झकासच असणार. हातात कागद घेऊन आलेला अनोळखी माणूस तर आपल्याकडे सरकारचाच समजला जातो, आणि सरकारला आपलं बरं चाललंय असं सांगणं म्हणजे पिवळं रेशनकार्ड धोक्यात घालणं. उत्तर कोण विचारतंय यावर ठरतं.

आधी काय विचारलं यावरही ठरतं. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अँगस डीटन यांनी अमेरिकेतली २००८ च्या मंदीच्या काळातली हीच शिडीची उत्तरं तपासली, तेव्हा त्यांना एक चमत्कारिक उडी सापडली. शिडीच्या प्रश्नाआधी राजकारणाविषयीचे प्रश्न विचारले की सरासरी अर्ध्या पायरीहून जास्त खाली जायची. ते प्रश्न काढले की परत वर. पुढाऱ्यांची नुसती आठवण काढली तरी माणसाला आपलं आयुष्य वाईट वाटू लागतं! आता हे लक्षात घेऊन २०२५ च्या यादीतला भारत आणि पाकिस्तान यांच्यातला फरक पाहा. तो अर्ध्या पायरीहून कमी आहे. नुसत्या नमुना निवडीमुळे येणारी चूकही एका पायरीच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, आणि यादीच्या मधल्या भागात दोन शेजारच्या देशांत तेवढंही अंतर नसतं. माझ्या काउंटरवर ज्या क्रमांकावरून आवाज चढतात, तो क्रमांक म्हणजे या सगळ्यातली सगळ्यात कच्ची वस्तू.

तिसरी गोष्ट भाषेची. तिच्यावर फार बोललं जातं, म्हणून थोडक्यात. सुख, आनंद, समाधान हे आपल्याला एक वाटत नाहीत. आनंद येतो-जातो, सुख परिस्थितीत असतं आणि समाधान मानायचं असतं. 'मानून घेणं' ही क्रियाच मराठीत समाधानाला चिकटलेली आहे. इंग्रजीतला 'हॅपी' मुळात नशिबाशी नातं सांगणाऱ्या शब्दापासून आला. यांची अदलाबदल करून जगभर विचारलं असतं तर गोंधळ झाला असता, म्हणूनच शिडी वापरली. हा तिचा गुण मानायला हवा. मग वर्तमानपत्रांनी आणि खुद्द अहवालानं तिला आनंदाचं नाव का द्यावं, ही माझी तक्रार आहे.

आता मी ज्या गोष्टीमुळे या विषयात खरा अडकलो ती सांगतो. माझे वडील मी शाळेत असताना गेले. आईनं दुकान चालवलं. तिला कुणीही, कधीही विचारलं तरी उत्तर एकच, "बरी हाये." चारेक वर्षांपूर्वी ती ओट्यावरून पडली. हात सुजला, पण तिनं दोन दिवस भाकरी थापली. तिसऱ्या दिवशी मी जबरदस्तीनं दवाखान्यात नेली. तिथे नर्सनं विचारलं, "आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही. किती दुखतंय?" आई म्हणाली, "दोन." फोटो काढला तर मनगटाजवळ हाड मोडलेलं. शेजारच्या खाटेवरचा तरुण करंगळीच्या दुखण्याला आठ सांगत होता.

त्या रात्री मला अमर्त्य सेन यांनी अनेक ठिकाणी दिलेलं एक उदाहरण आठवलं. बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळ सिंगूर इथे अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेनं पाहणी केली. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्के लोकांनी आपली प्रकृती वाईट किंवा यथातथा असल्याचं सांगितलं. विधवा बायकांत हे प्रमाण होतं अडीच टक्के. दुष्काळात विधवांचे हाल जास्त झाले होते. फरक प्रकृतीत नव्हता, तो आपल्या प्रकृतीविषयी तक्रार करायचा आपल्याला हक्क आहे असं वाटण्यात होता. सेन यांचं दुसरं उदाहरण केरळ-बिहारचं. केरळचं आयुर्मान देशात सगळ्यात चांगलं, आणि आपण आजारी आहोत असं सांगणारेही तिथेच जास्त. बिहारमध्ये उलटं. अमेरिकेत तर केरळहूनही जास्त लोक स्वतःला आजारी म्हणतात. शिकलेला, डॉक्टर पाहिलेला माणूस आजार ओळखतो. ज्याला तो कधी दाखवताच आला नाही तो त्याला वय म्हणतो, नशीब म्हणतो. माझी आई त्याला "बरी हाये" म्हणते.

मिळणार नाही त्याची इच्छाच सोडून देणं, या मानवी सवयीवर जॉन एल्स्टर या नॉर्वेच्या विचारवंताचं १९८३ चं पुस्तक आहे. त्याचं नाव 'आंबट द्राक्षं' या अर्थाचं. कोल्ह्याची ती गोष्ट आपल्यालाही पाठ आहे. दिंडोरी तालुक्यात राहून मला या पुस्तकाचं नाव आवडलं नसतं तरच नवल. पण गरीब माणसाच्या समाधानाकडे नुसतं कोल्ह्याच्या नजरेनं पाहणंही मला पटत नाही. रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी २००१ मध्ये कलकत्त्याच्या झोपडपट्टीतल्या आणि फुटपाथवरच्या माणसांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. ती माणसं पैशांविषयी नाखूश होती; कुटुंब, मैत्री, स्वतःचा स्वभाव यांविषयी मात्र बरीच समाधानी. ती फसलेली होती असं म्हणायचा अधिकार मला किंवा कुणाला कुठून आला?

द्राक्षांचा विषय निघालाच आहे तर मोजण्याबद्दल एक सांगतो. तोडणीआधी आमच्याकडे मण्यातली साखर मोजतात. रसाचा थेंब ब्रिक्स मीटरच्या काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. हे मीटर काही गोडी मोजत नाही. ते रसात विरघळलेले पदार्थ मोजतं आणि त्यांत मुख्यतः साखर असते. त्याच ब्रिक्सचे दोन घड जिभेला वेगळे लागतात, कारण आंबटपणा वेगळा. तरी त्या आकड्यावर लाखोंचे सौदे होतात. का? कारण वणीतलं मीटर आणि रॉटरडॅममधलं मीटर एकच बोलतात. आधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून दोन्हीकडे शून्य जुळवलेलं असतं. माणसाच्या सुखाच्या बाबतीत प्रत्येक जण आपलं मीटर जन्मापासून बरोबर घेऊन फिरतो आणि ते पाण्यावर जुळवायची सोय नाही.

तशी सोय करायचा एक प्रयत्न झाला आहे, आणि तो मला फार हुशारीचा वाटतो. गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तो मांडला. माणसाला स्वतःविषयी विचारायचंच, पण त्याचबरोबर चार-पाच काल्पनिक माणसांच्या छोट्या हकिगती सांगून त्यांनाही गुण द्यायला लावायचे. सरकारदरबारी तुमचं किती चालतं, असं चीन आणि मेक्सिकोतल्या लोकांना विचारलं. चिनी लोकांनी स्वतःला मेक्सिकोवाल्यांपेक्षा जास्त गुण दिले. मेक्सिकोनं तर नुकतंच, २००० साली, सात दशकांचं सत्ताधारी सरकार मतदानानं घालवलं होतं! पण पिण्याच्या पाण्यासाठी धडपडणाऱ्या काल्पनिक माणसांच्या हकिगती दोघांपुढे ठेवल्यावर कळलं की चिनी लोकांची पट्टीच सैल होती. ज्याचं कुणी ऐकत नाही अशा माणसालाही ते बरेच गुण देत होते. ती हकिगत म्हणजे आपला पाण्याचा थेंब. पुढे युरोपातल्या दहा देशांत पन्नाशी ओलांडलेल्यांच्या समाधानाला अँजेलिनी आणि सहकाऱ्यांनी हीच युक्ती लावली. देशादेशांतला बराचसा फरक पट्टीचा निघाला आणि क्रमवारी बदलली.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग यादी फेकून द्या. मीही काही दिवस त्या मताचा होतो. माझं मत बदललं ते दोन गोष्टींनी.

एक, स्थलांतरितांची. २०१८ चा अहवाल याच विषयावर होता. शंभरावर देशांत बाहेरून येऊन राहिलेल्या माणसांची उत्तरं वेगळी काढली. आकडा नुसता भाषेचा, संस्कृतीचा, तक्रार करायच्या सवयीचा असता तर माणसानं आपली सवय बरोबर नेली असती आणि नव्या देशातही जुनाच आकडा सांगितला असता. झालं उलटं. बाहेरून आलेल्यांचे आकडे त्या त्या देशातल्या मूळ रहिवाशांच्या जवळ गेले. मायदेशाची थोडी सावली राहते, पण मोठा भाग जिथे राहता तिथला. फिनलंड दोन्ही याद्यांत पहिला. आपल्या भागातूनही नोकरीसाठी परदेशी गेलेली पोरं आहेत. त्यातला एक सुट्टीत दुकानात आला होता. तिकडे काय बरं आहे असं विचारलं तर तो पगाराचं बोलला नाही. म्हणाला, "काका, तिथं साध्या कामासाठी कुणाची ओळख काढावी लागत नाही." एका पोराच्या बोलण्यानं काही सिद्ध होत नाही, पण अहवालाच्या सहा कारणांत भ्रष्टाचार आणि आधार यांना जागा का आहे ते मला त्या दिवशी कळलं.

दुसरी गोष्ट ट्युनिशिया आणि इजिप्तची. २०१० पर्यंत या दोन्ही देशांचं दरडोई उत्पन्न वाढत होतं, जगभरचे अर्थतज्ज्ञ पाठ थोपटत होते. शिडीवर स्वतःला वर ठेवणाऱ्यांचं प्रमाण मात्र तिथे झपाट्यानं घसरत होतं. डिसेंबर २०१० मध्ये ट्युनिशिया पेटला, जानेवारीत इजिप्त. उत्पन्नाच्या आकड्याला जे दिसलं नाही ते या कच्च्या शिडीला दिसत होतं.

भूतानचा उल्लेख न करता हा लेख संपवला तर वाचक रागावतील. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांत विकासाचं मोजमाप करताना सुखाचाही विचार करा हा ठराव भूताननंच आणला आणि पुढच्या वर्षी पहिला अहवाल निघाला. भूतानची स्वतःची पद्धत मात्र शिडीची नाही. नऊ क्षेत्रं, तेहतीस निर्देशांक, एकेका माणसाशी लांबलचक मुलाखत. वेळेचा वापर, झोप, शेजाऱ्यांशी संबंध, सगळं विचारतात. दुसऱ्या देशांशी तुलना हा तिचा हेतूच नाही. २०१० मध्ये त्यांचा निर्देशांक ०.७४३ होता, २०१५ मध्ये ०.७५६, २०२२ मध्ये ०.७८१. स्वतःची स्वतःशीच तुलना. जागतिक यादीत हाच देश २०१९ मध्ये ९५ वा होता, आणि त्याचे तरुण आज मोठ्या संख्येनं ऑस्ट्रेलियाला जात आहेत. भूतानला सुखाचा स्वर्ग म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं. पद्धत चांगली असली म्हणजे उत्तर चांगलं येतंच असं नाही, आणि येऊही नये.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. सातावर असलेला देश आणि दीडावर असलेला देश यांच्यात फरक खरा आहे. तो पट्टीच्या सैलपणानं झाकला जात नाही. ११८ आणि १०९ यांच्यातला फरक चर्चेच्या लायकीचा नाही. आणि सगळ्यात भरवशाची तुलना कुठली, तर एकाच देशाची त्याच देशाशी, काही वर्षांच्या अंतरानं. कारण लोकांची भाषा, सवयी, तक्रारीची रीत दहा वर्षांत फारशी बदलत नाही. हे लक्षात घेऊन मी भारताचे जुने आकडे काढले. २०१३ च्या अहवालात आपण ४.७७२ वर होतो. २०१९ मध्ये ४.०१५. २०२० च्या अहवालात ३.५७३, आणि त्यातली उत्तरं कोरोनाच्या आधीची होती. सात वर्षांत एका पायरीहून जास्त घसरण. त्या काळात दरडोई उत्पन्न वाढत होतं, रस्ते झाले, गॅस आला, हातात मोबाइल आले. त्यानंतर थोडी चढण : २०२४ मध्ये ४.०५४, २०२५ मध्ये ४.३८९. विचारण्याच्या पद्धतीतल्या बदलांचा यात काही वाटा असू शकतो, म्हणून मी याला पुरावा म्हणत नाही. पण एवढी मोठी घसरण झाल्याचं मला आमच्या काउंटरवरच्या एकाही मार्चमध्ये ऐकू आलं नाही. आम्ही पाकिस्तानचा क्रमांक मोजत बसलो होतो.

माझा अंदाज विचाराल तर आयुष्य तेवढं बिघडलं असं मला वाटत नाही. दहावी पायरी वर सरकली. १९६२ च्या सुमाराच्या त्या शेतमजुराला गाय हवी होती. आज सुरगाण्याहून छाटणीच्या कामाला इकडे येणाऱ्या पोराच्या खिशातल्या मोबाइलवर दुबईतल्या माणसाचं घर दिसतं. त्यानं दहावी पायरी कुठे ठोकावी? हे खरं की खोटं, हे कॅन्ट्रिलचा गळून पडलेला पहिला प्रश्न पुन्हा विचारल्याशिवाय कळायचं नाही. निदान महाराष्ट्रात कुणी तरी, एखाद्या विद्यापीठानं, दर दोन वर्षांनी त्याच तालुक्यांत, त्याच शब्दांत तो विचारावा. त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही.

आईच्या हाताचं प्लॅस्टर होतं त्या दीड महिन्यात मी रोज रात्री तिला नर्सचाच प्रश्न विचारायचो. दोन, दोन, दोन, दीड. एका रात्री ती म्हणाली, "चार." शेजारच्या खाटेवरच्या त्या पोरानं चार सांगितले असते तर मी झोपलो असतो. त्या रात्री मी गाडी काढली. आत प्लॅस्टर आवळून बोटांना रक्त मिळेनासं झालं होतं.

तेव्हापासून दर कोजागिरीला, गडावरून येणाऱ्या लोकांची गर्दी ओसरली की दूध आटवताना मी तिला शिडीचा प्रश्नही विचारतो. पहिल्या वर्षी तिला तो हास्यास्पद वाटला. मग तिनं "सहा" सांगितलं. पुढच्या वर्षी सहा, त्याच्या पुढच्याही वर्षी सहा. या वर्षी म्हणाली, "पाच म्हण." का म्हणून विचारलं तर नेहमीचंच उत्तर आलं, "काय न्हाई, बरी हाये." लेख छापायला गेला तेव्हा दिवाळी तोंडावर होती. पाच का, ते मी अजून शोधतो आहे.